धवलारणीनं ‘झाला’ म्हटल्याशिवाय

आमच्या गावातल्या कुठल्याही जुन्या लग्नाची सीडी लावा. हळदीचं गाणं रंगात आलेलं असतं, बायका डोलत असतात, नवरी पिवळीधम्मक होऊन बसलेली असते, आणि मध्येच, त्याच चालीत, त्याच ठसक्यात ओळ येते, ‘नाक पुस गो सुमने, नाक पुस!’ पाठच्या बायका ती ओळ तशीच झेलतात, दोनदा म्हणतात, आणि गाणं पुन्हा देवाधर्माकडे वळतं. सुमन आता दोन मुलांची आई आहे. तिच्या नवऱ्याने ती सीडी एकदा बघितली, तेव्हापासून बिचारीला घरात शिंकायचीही चोरी झाली आहे.

ही सगळी करणी आमच्या धवलारणीची. धवलारीण म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. पेणच्या खाडीकडच्या आमच्या गावांत भटजी यायच्या कितीतरी आधीपासून लग्न तिच्या ताब्यात असतं. मांडवाची मेढ रोवायची, तांदूळ धुवायचे, हळद लावायची, प्रत्येक गोष्टीचं गाणं आहे, आणि ते गायल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कोणी मानत नाही. आमच्या धवलारणीचा हट्ट असा, की एकदा धरलेला सूर मध्ये तोडायचा नाही. पाणी हवंय, सुपारी हवीय, पंख्याचं तोंड इकडे करायचंय, सगळं धवल्यातच यायचं. एकदा तिने ‘विचू गो विचू, पाटाखाली विचू’ असं गायलं. बायकांनी भक्तिभावाने ते दोनदा म्हटलं, आणि मग जी पळापळ झाली म्हणता! ती मात्र पाटाजवळ बसूनच राहिली. ओळ पुरी व्हायची होती ना.

ठेंगणी, उन्हात रापलेली, टाचांना मिठागरातल्या कामाच्या भेगा, आणि गालात कायम सुपारीचं खांड. आम्ही पोरं तिला ‘बाय’ म्हणायचो. आवाज गोड होता असं म्हटलं तर मला पाप लागेल. धरमतरच्या धक्क्याला बार्ज लागताना भोंगा वाजवतात ना, त्याच घराण्यातला तो आवाज. पेणहून येणाऱ्या भटजींनी एकदा धीर करून तिला म्हटलं, “बाई, जरा हळू आवाजात गाता का?” ती म्हणाली, “देवाला आयकू जायला पायजे. त्याला आवडला पायजे, असा कुठं लिवलंय?” भटजींनी पुढच्या लग्नापासून स्वतःचा माइक आणायला सुरुवात केली.

पण तिचं खरं राज्य होतं आम्हा पोरांवर. लग्नघर म्हटलं की पोरांना जो तो हाकलतो. इकडे नको, तिकडे नको, ताटाला हात लावू नको, शेवटी दे त्यांना एखाद्या खोलीत टीव्ही लावून! बायला हे अजिबात चालायचं नाही. “हाताला काम नाय तं पोर पायात येतंय,” असं तिचं म्हणणं. लग्नाच्या आठ दिवस आधी ती लग्नघरी यायची, ओटीवर फतकल मारायची आणि घरची-दारची, गोरी-काळी, शेंबडी-बिनशेंबडी सगळी पोरं समोर उभी करून कामांची वाटणी करायची. हा पाण्याचा साहेब. ही नवरीच्या पदराची मालकीण. हा अक्षतांचा पोलीस, म्हणजे कोणी मुठी भरभरून भटजींच्या डोक्यावर मारत असेल तर त्याचा हात धरायचा, मग तो सरपंच का असेना. एकदा काम दिलं की दिलं. आणि त्या कामाचा एकच नियम होता. बायने ‘झाला’ म्हटल्याशिवाय काम संपायचं नाही. जेवायला बोलवोत, मारायला धावोत, पोराने जागा सोडायची नाही.

ह्या नियमाने काय काय घोटाळे केले ते सांगत बसले तर दिवस पुरणार नाही. गण्याचं एकच सांगते. गण्या म्हणजे गावचा उपद्रव. त्याला बायने मांडवाची मेढ राखायला बसवलं होतं. मेढीला उंबराची हिरवी फांदी बांधतात आणि आमच्याकडच्या शेळ्यांना लग्नाचं आमंत्रण लागत नाही. गण्याने डोकं चालवलं. शेळी येऊ नये म्हणून त्याने शेळी शोधून आणली आणि मेढीलाच बांधून टाकली. बांधलेली शेळी येईल कशी? तासाभराने बघतात तो फांदीला पान नाही. नवऱ्याची आई कपाळ बडवायला लागली, अपशकुन झाला म्हणाली. बाय तिथेच उभी राहिली, गण्याकडे बघितलं, शेळीकडे बघितलं आणि म्हणाली, “राखन्या जाग्यावर हाय का? हाय. मेढ जाग्यावर हाय का? हाय. मंग कनाला रडतेस? सून भुकेली नाय ऱ्हानार, येवढाच शकुन.” आणि गण्याला नवीन फांदी आणायला पिटाळलं. त्या लग्नाचा संसार अगदी झकास चाललाय, सुनेचं वजन बघाल तर बायचा शकुन पटेल.

मोठी माणसं तिला विचारायची, “बाय, ह्या वानरांचं एवढं कौतुक कशाला?” तिचं उत्तर ठरलेलं होतं. “लगनाला साक्षीदार लागतंय ना? म्हातारी आज हायत, उद्या नाय. मोठ्यांना फकस्त जेवन आठवतंय, मटन शिजला होता का नाय ता. ही पोरा पन्नास वर्सां सांगतील, आमी बघला, आमी होतो.”

मला तिने दिलेलं काम मात्र जगावेगळं होतं. फुगलेली माणसं हुडकायची. लग्नात कोण ना कोण रुसतोच. कोणाला टॉवेल-टोपी मिळाली नाही, कोणाचं नाव पत्रिकेत खाली आलं, कोणाला चहा विचारला नाही. मोठ्यांना ते तीन दिवसांनी कळतं आणि मग तीन वर्षं पुरतं. मी मांडवात फिरायचे आणि बायच्या कानाशी जाऊन सांगायचे, “खांबाजवळचा निळा शर्ट फुगलाय.” बाय सूर न तोडता विचारायची, निळा शर्ट नवऱ्याचा कोण लागतो, आणि पुढच्याच ओळीत त्याचं नाव घ्यायची. धवल्यात नाव आलं म्हणजे मोठा मान. निळा शर्ट पाच मिनिटांत खुर्च्या उचलायला लागलेला असायचा. मी आठ वर्षांची होते आणि माणसाचा रुसवा पाठीवरून ओळखायचे. खोटं नाही सांगत, आज रोह्याजवळ धाटावला कंपनीत लॅबमध्ये काम करते, तिथेही साहेब फुगलाय हे सगळ्यांच्या आधी मला कळतं.

आणि मग माझ्या आईचं लग्न ठरलं.

माझे वडील गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. मला ते आठवत नाहीत, उगीच आठवतात म्हणणार नाही. आई आणि मी मामाकडे राहायचो. आई पेणला एका दुकानात साड्यांना फॉल-पिको करायची. मामाच्या ओळखीतून रोह्याचं स्थळ आलं. धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर, वय अडतीस, पहिलंच लग्न. मी त्यांना दोनदा बघितलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी मला गुलाबी छत्री आणली होती आणि ती माझ्या हातात द्यायच्याऐवजी टेबलावर ठेवून निघून गेले होते. लाजरे फार.

आमच्यात बाईच्या दुसऱ्या लग्नाला धवले नसायचे. सकाळी जायचं, हार घालायचे, पेढा तोंडात टाकायचा, आटपलं. आणि पोरांनी आईबापाचं लग्न बघू नये, असंही सगळे म्हणायचे. मामाने ठरवलं की लग्न रोह्याला, मी मामीजवळ गावी. आणि लग्नानंतर? “नंतर बघू,” मामा म्हणायचा. मामा वाईट नव्हता हो. तो घाबरला होता. एवढं चांगलं स्थळ, त्यात बरोबर पोर म्हटल्यावर मोडेल की काय, ही त्याची धास्ती. पण आठ वर्षांच्या पोरीला ‘नंतर बघू’ म्हणजे काय ते बरोबर कळतं. आई रोह्याला जाणार आणि मी इथे राहणार. मी कोणाला काही विचारलं नाही. जेवणं सोडून दिलं, एवढंच.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि बाय ओटीवर येऊन बसली. कोणी बोलावलं नव्हतं. “पोरांना हाक मारा,” म्हणाली. “वाटनी करायची हाय.”

मामा चुळबुळत म्हणाला, “बाय, हे लगीन तसा नाय. गानी नको, पोरा नको.”

तिने मान वळवून मला बघितलं. मी दाराआड होते. “पिंके,” तिने हाक मारली, “काम कर तुजा. या घरान फुगलेला कोन हाय?”

मी दाराआडून बाहेर आले. मग म्हणाले, “मी.”

मामीने डोळ्याला पदर लावला. बायने नाही लावला. तिने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि मामाला विचारलं, “पोरीनं का नाय बघायचा?”

“पोरांनी आयबापाचा लगीन बघू नये, असा म्हनतात.”

“बघला तं काय व्हतंय? आंधली व्हतात? मी माजे आयचा दुसरा लगीन बघलंय. दोनी डोले शाबूत हायत. एकात मोतीबिंदू हाय, पन ता सरकारी डॉक्टर सांगतंय वयाचा हाय.”

ही शुद्ध थाप होती. तिच्या आईने दुसरं लग्न केलं हे खरं, पण त्या दिवशी बायला पलीकडच्या गावात मावशीकडे नेऊन ठेवलं होतं, आणि मग ती तिथेच वाढली. हे मला पुष्कळ वर्षांनी तिच्याच सुनेने सांगितलं. त्या दिवशी मात्र थाप अशी बेमालूम बसली की मामा तिचे दोन्ही डोळे निरखत बसला.

आई इतका वेळ मान खाली घालून साडीला फॉल लावत होती. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, “दादा, ती येईल.” मामा म्हणाला, “येऊ दे बापडी. पण संध्याकाळी माझ्याबरोबर परत.” म्हणजे लग्न बघायला मिळणार होतं, आई मिळणार होती की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“मंग काम आयक,” बाय मला म्हणाली. “नवरीला मामा आनतंय. तुजे आयला तू आन. खोलीपासून पाटापरयंत, हात धरून. ध्यानान ठेव, मी झाला म्हटल्याबिगर काम संपत नाय.”

रोह्याला छोटा हॉल होता, माणसंही बेताची. दोन्ही बाजूंची मिळून दहा-बारा पोरं असतील. बायने हॉलमध्ये पाऊल टाकताच रोह्याच्या अनोळखी पोरांना धरलं आणि कामाला लावलं. नवऱ्याचा एक पुतण्या मोबाइलवर साप पळवण्याचा खेळ खेळत होता, त्याला तिने अंतरपाटाचं एक टोक धरायला उभं केलं. त्याची उंची अपुरी म्हणून खाली उलटं घमेलं ठेवलं. रोहेकर मंडळी चकित होऊन बघत होती. धवलारीण त्यांनी पूर्वी ऐकली होती, पण अशी सुभेदारीण बघितली नव्हती.

मी आईचा हात धरून तिला खोलीतून आणलं. आईचा हात बर्फासारखा गार होता आणि मी तो इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. आम्ही पाटाजवळ आलो. आई पाटावर उभी राहिली. मीही उभी राहिले.

भटजी म्हणाले, “छान. आता बाळ, हात सोड आणि बाजूला हो.”

मी बायकडे बघितलं. बाय छताचा पंखा बघत होती.

“बाळ, सोड हो. मुहूर्त टळेल.”

मी पुन्हा बघितलं. बाय आता सुपारी चघळत पंख्याची पाती मोजत असावी. ‘झाला’ काही येईना. मग मी कशी सोडू? मामा पुढे आला, दबक्या आवाजात म्हणाला, “पिंके, तमाशा करू नको.” मामीने खुणा केल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण हात सोडायचा नाही हे पक्कं होतं. आईनेही सोडला नाही. घमेल्यावरच्या पोराचे हात भरून आले आणि अंतरपाट त्याच्या बाजूने खाली खाली यायला लागला. त्यावरून नवरदेवाचं तोंड दिसलं. घामाने डबडबलेलं, मुंडावळ्या वाकड्या. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हे ओरडणार.

ते भटजींना म्हणाले, “राहू द्या. कशाला सोडायला लावता? ती येतेच हाय घरी.”

एवढंच. लाजऱ्या माणसाचा आवाज केवढा, पहिल्या रांगेपलीकडे कोणाला ऐकू गेला नसता. पण बायचे कान तिथेच लागलेले. तिने एकदम पंख्यावरून नजर काढली आणि जो सूर लावला, हॉलचे पत्रे थरथरले. ‘तिगा निंगाली गो रोह्याला, तिगा निंगाली! लेक आयचे हाताला, तिगा निंगाली!’ आमच्या गावच्या बायकांनी सवयीने ओळ झेलली, मग रोह्याच्या बायकांनीही झेलली. भटजी माइक घेऊन मंगलाष्टकांची वाट बघत उभे. मामा डोकं धरून खुर्चीत बसला, पण हसत होता. ‘तिघं निघाली’ असं धवल्यात एकदा आलं ते ठरलं. आता मला परत नेण्याची गोष्ट कोण काढणार? मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, निम्म्या माझ्याच केसांत. लग्नाच्या फोटोत तुम्ही बघाल तर दोघांच्या मध्ये शेंबडी, रडून लाल झालेली, आणि विजयी अशी मी उभी आहे.

संध्याकाळी मामाबरोबर नुसतं वऱ्हाड परत गेलं. बाय टेम्पोत चढायच्या आधी माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता काही गोड बोलेल. ती म्हणाली, “नाक पुस,” आणि स्वतःच्या पदराने पुसलं.

पुढे मी रोह्याची झाले. गावी सणाला जायचे तेव्हा बाय भेटायची. हळूहळू तिला बोलावणी कमी झाली. हळदीला डीजे यायला लागला. “त्याचे म्होरं कोन आरडनार गो?” ती म्हणायची. “त्याला नाक पुस म्हटला तरी आयकू जात नाय.” तरी गावात लग्न असलं की ती काठी टेकत मांडवात जाऊन बसायची आणि आसपासच्या पोरांच्या हातातले मोबाइल काढून घेऊन त्यांना काहीतरी उचलायला सांगायची. पोरांच्या आया कुरकुरायच्या. पोरं मात्र तिच्याभोवतीच.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. मी रडले, चांगली मोठ्याने रडले, त्यात लाजायचं काय? दहाव्याला मी आणि पप्पा मोटरसायकलवरून गावी गेलो. हो, पप्पा. रोह्याच्या त्या लाजऱ्या माणसाला पप्पा म्हणायला मला चार महिने लागले होते, आणि पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते गडबडून शिफ्टला डबा न घेताच गेले होते.

परत येताना पेणला चहा प्यायला थांबलो. पप्पा बराच वेळ बशीत फुंकर मारत बसले. मग म्हणाले, “तुला एक सांगायचं राहिलंय. लग्नाच्या चार दिवस आधी ती बाय धाटावला आली होती.”

“कोण, बाय? एकटी?”

“एकटी. दोन एस्ट्या बदलून. माझी फर्स्ट शिफ्ट सुटली, सगळे गाड्या काढतायत, आणि गेटवर ही उभी, उन्हात, भेटेल त्याला माझं नाव विचारतेय. मला वाटलं, कुणी वर्गणीवाली. मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, पोरीचा काय करनार हायस? मी म्हटलं, मामा सांगतायत ती त्यांच्याकडेच राहणार, मग मी कशाला मध्ये बोलू? मला तू हवी होतीस गं. पण विचारायला तोंड कुठे होतं? मग ती जे बोलली ते अजून पाठ आहे मला.”

“काय बोलली?”

“म्हणाली, पोरीला मी आयचा हात धरायला सांगलंय. सोडायला मी सांगनार नाय. तुला सांगायचा असंल तं तू सांग, सगल्यांचे म्होरं.”

पप्पांनी बशी खाली ठेवली, हेल्मेट उचललं.

“सोड म्हणून मी अजून कुठं सांगितलंय?” ते म्हणाले, आणि गाडी काढायला गेले.